मिलबर्नचा फेअरी ट्रेल नक्की बघून या, पण ते रेडिमेड फेअरी किट मागवू नका

न्यू जर्सीत लहान मुलं असलेल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एप्रिल लागला की एकच प्रश्न फिरत असतो, वीकेंडला पोरांना न्यायचं कुठे, तिकीट नको, राइडची गर्दी नको, तीन तास गाडीत बसवणं नको आणि भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांनाही झेपेल असं काहीतरी हवं. माझं उत्तर ठरलेलं आहे, मिलबर्नचा फेअरी ट्रेल, म्हणजे जंगलातली परीच्या छोट्या छोट्या घरांची पायवाट. दरवेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते, आणि त्यासोबत आमच्या टाउनहाउस कम्युनिटीत आम्ही जो छोटासा फेअरी कॉर्नर केला त्याबद्दल आणि त्यासाठी मागवलेल्या सामानाबद्दलही लिहिते, कारण ट्रेल बघून घरी आलं की निम्मे लोक लगेच ऑनलाइन किट शोधायला लागतात.

आधी जागा सांगते. साउथ माउंटन रिझर्व्हेशन हे एसेक्स काउंटीचं जंगल, 2000 एकरांपेक्षा मोठं, मिलबर्न, मेपलवुड आणि वेस्ट ऑरेंज या गावांत पसरलेलं, टर्टल बॅक झू माहीत असेल तर ते याच्याच दुसऱ्या टोकाला आहे. एसेक्स काउंटीची पार्क सिस्टिम 1895 सालची, काउंटी लेव्हलवरची अमेरिकेतली पहिली म्हणतात ती हीच, आणि या जंगलातले रस्ते-पायवाटा आखायचं काम ओल्मस्टेड ब्रदर्सच्या फर्मने केलंय, म्हणजे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेडच्या मुलांची फर्म. फेअरी ट्रेलसाठी मिलबर्नच्या बाजूने यायचं, ग्लेन ॲव्हेन्यूवर लोकस्ट ग्रोव्ह म्हणून पिकनिकची जागा आणि पार्किंग आहे, तिथून रॉवे ट्रेल सुरू होतो, झाडांवर पांढऱ्या खुणा दिसतात, त्या धरून चालत राहायचं. एंट्री फी नाही. गाडी नसेल तरी जमतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मिलबर्न स्टेशन अगदी जवळ आहे, न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून मॉरिस अँड एसेक्स लाइनची ट्रेन पकडली की उतरून चालतच जंगलात शिरता येतं. जर्सी सिटीत किंवा मॅनहॅटनमध्ये नवीन राहायला आलेल्या, अजून गाडी न घेतलेल्या लोकांना मी हे आवर्जून सांगते.

आता तिथे असतं काय, तर झाडांच्या बुंध्यात, मुळांच्या बेचक्यात, पडलेल्या ओंडक्यांच्या पोकळीत वीतभर, टीचभर घरं. सालीचा दरवाजा, काटक्यांची शिडी, पाइन कोनच्या पाकळ्यांची छपरं, एकॉर्नच्या, म्हणजे ओकच्या फळाच्या, टोपीची वाटी, मऊ पानांचं अंथरूण, वेलीचा झोपाळा. पंखवाली परी मात्र कुठेच ठेवलेली नाही, फक्त तिचं घर आहे, आणि ती आत्ताच कुठेतरी बाहेर गेलीये असं वाटावं इतपत ते नीट मांडलेलं असतं. माझ्या मते सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे. प्लॅस्टिकची परी बसवली असती तर मुलांनी दोन सेकंद बघितलं असतं आणि पुढे पळाली असती. इथे तसं होत नाही, आमची मुलगी एकेका झाडापाशी उकिडवी बसते, हळू आवाजात विचारते की ती कामाला गेली असेल का, तिला भाऊ आहे का, पावसात छत गळत नाही का.

दुसरी गोष्ट, ही घरं शोधावी लागतात. रंग सगळे जंगलातलेच, तपकिरी, राखाडी, शेवाळी, त्यामुळे पटकन नजरेत येत नाहीत आणि मोठी माणसं तर सरळ समोरून निघून जातात. काही घरं अगदी जमिनीलगत आहेत, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलांना ती आधी दिसतात आणि मग ती बाबांचा हात ओढून दाखवतात, एरवी सगळं मोठ्यांनी मुलांना दाखवायचं असतं, इथे उलटं होतं आणि त्याचा मुलांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. प्रमाणही नीट सांभाळलंय, दार जेवढं आहे त्याच्या हिशोबात खुर्ची, खुर्चीच्या हिशोबात वाटी, हे वाचायला साधं वाटतं पण स्वतः करायला बसलं की कळतं किती अवघड आहे ते.

ही कल्पना कुठल्या डिपार्टमेंटने काढलेली नाही. 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्पेशल एज्युकेशनच्या शिक्षिकेने, आपल्या ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन याच पायवाटेवर फिरता फिरता ही घरं करायला सुरुवात केली, जंगलात मिळणाऱ्या वस्तूंतून, गाजावाजा न करता. लोकांना ती हळूहळू दिसायला लागली, मुलं यायला लागली, मग साउथ माउंटन कन्झर्व्हन्सी या जंगलाची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थेचा त्याला आधार मिळाला आणि आजही स्वयंसेवकच ते सांभाळतात. मला ही पार्श्वभूमी खूप महत्त्वाची वाटते, कारण ट्रेलवर गेल्यावर ती जाणवते. तिथे म्युझिक नाही, लाइट नाहीत, बटण दाबलं की काही बोलत नाही, रांग नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात मुलाला आवाज आणि गर्दी सहन होत नाही, बर्थडे पार्टीतून त्याला घेऊन दहा मिनिटांत बाहेर पडावं लागतं, तो या ट्रेलवर सगळ्यांच्या पुढे चालत होता आणि एका झाडापाशी कितीतरी वेळ बसला, कुणी त्याला चल चल म्हणालं नाही. त्याच्या आईने मला नंतर फोन करून परत कधी जायचं ते विचारलं.

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांनाही घेऊन गेलो होतो. गुडघे दुखतात म्हणून त्या सुरुवातीच्या भागातच फिरल्या, तेवढ्यातही बरीच घरं बघून झाली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, हे सगळं रोज कोण बघतं? पाऊस येत असेल, पोरं हात लावत असतील, हरणं तुडवत असतील." अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं त्यांनी. अशा कामात करण्यापेक्षा राखणं मोठं आहे. या भागाने काय काय बघितलंय ते आठवा, 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळात याच रिझर्व्हेशनमधली ढिगाने झाडं आडवी झाली, 2021 च्या 1 सप्टेंबरला आयडा वादळाचा पाऊस आला तेव्हा रॉवे नदीचं पाणी मिलबर्नच्या डाउनटाउनमधल्या दुकानांत शिरलं होतं. एवढं मोठं नसलं तरी प्रत्येक हिवाळ्यात बर्फ बसतो, वितळतो, परत गोठतो, साल सुटते, काटक्या निसटतात. म्हणजे आज तुम्हाला जे घर नीटनेटकं दिसतं ते कुणीतरी मागच्या काही आठवड्यांत हाताने ठाकठीक केलेलं असतं. म्हणूनच गेल्या वेळी बघितलेलं घर या वेळी नसेल आणि दुसरीकडे नवीन असेल, मुलांना त्याचं वाईट वाटत नाही, त्यांच्या मते परीने घर बदललेलं असतं.

याच कारणासाठी तिथे आपल्या घरची खेळणी, चकचकीत मणी, प्लॅस्टिकच्या बाहुल्या नेऊन ठेवू नका, हे कळकळीने सांगते. मुलांना परीला गिफ्ट द्यावंसं वाटतं, ते खूप गोड आहे, पण तिथलं पडलेलं एक छान पान दाराशी ठेवलं तरी मुलं खूश असतात. चॉकलेट तर अजिबात नको, रॅकून आणि स्कंक येतात, कुठल्याच प्राण्याने ते खाऊ नये, आणि घरही उपसून टाकतात. एकदा लोक मनाने भर घालायला लागले की काय होतं याचं उदाहरण इंग्लंडमध्ये झालंय. सॉमरसेटमधल्या वेफर्ड वुड्समध्ये कुणीतरी एक छोटं परीचं दार झाडाला लावलं, मुलं तिथे चिठ्ठ्या ठेवायला लागली, मग बघणाऱ्या प्रत्येकाने आपापलं दार आणून लावलं, ती 200 च्या वर गेली आणि 2015 मध्ये जंगल सांभाळणाऱ्या ट्रस्टींना शेवटी सांगावं लागलं की आता बास, यापुढे वाट्टेल तशी दारं लावता येणार नाहीत. त्याच्या बातम्या जगभर झाल्या, लोकांनी ट्रस्टींना नावं ठेवली, पण मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. दर दोन फुटांवर रंगीत दार असेल तर शोधायचं काय?

उलट मेन राज्यात मॉनहेगन नावाचं बेट आहे, तिथल्या कॅथिड्रल वुड्समध्ये लोकांनी स्वतः फेअरी हाउस बांधायची जुनी पद्धत आहे, पण नियम कडक, जिवंत शेवाळ उपटायचं नाही, झाडाची साल सोलायची नाही, बाहेरचं काही आणायचं नाही. आणि शहरात करायचं असेल तर मिशिगनमधल्या ॲन आर्बरचं बघा, तिथे 2005 पासून कॅफे, दुकानं, लायब्ररी यांच्या भिंतींपाशी इंचांत मोजावीत अशी दारं आहेत, ज्या इमारतीला दार लावलंय तिच्याच दर्शनी भागाची बारीक नक्कल त्यात असते, म्हणजे विटा तशाच, रंग तोच. डेट्रॉइटकडच्या मराठी लोकांना हे माहीत असेलच. जागेतून निघालेलं काम आणि जागेवर आणून टाकलेलं काम, फरक इथेच आहे, आणि आमच्या कॉर्नरच्या वेळी तो मला अगदी डोळ्यांसमोर दिसला.

तर आमचा कॉर्नर. मिडलसेक्स काउंटीत आमची कम्युनिटी आहे, मेलबॉक्सच्या मागे एक जुना ओक आहे, त्याच्या मुळांत मस्त खोबणी आहेत. ट्रेलवरून आल्यावर मुलांनी धोशा लावला की आपल्याकडेही पाहिजे. आम्हा मराठी घरांना हे समजायला फार वेळ लागत नाही, दिवाळीच्या किल्ल्यासारखंच आहे की, दगडमाती, पोतं, हळीव पेरून उगवलेलं हिरवंगार गवत, कोणाकडून काय मिळेल ते आणि बिल्डिंगमधली सगळी पोरं एका जागी. फरक एवढाच की किल्ला भाऊबीजेनंतर आवरून टाकतात, हे वर्षभर उघड्यावर राहणार. एचओएच्या, म्हणजे आमच्या कम्युनिटीच्या सोसायटीच्या, मीटिंगमध्ये विषय मांडला तर त्यांचे प्रश्न रास्त होते, गवत कापायला येणाऱ्या माणसांना अडचण होईल का, कुणी अडखळून पडलं तर काय, आणि सहा महिन्यांनी कचरा झाला तर उचलणार कोण. आम्ही लिहून दिलं की सगळं झाडाभोवतीच्या मल्चच्या (मातीवर पसरलेल्या लाकडाच्या चुऱ्याच्या) गोलाच्या आत राहील, कुठलीही वस्तू एक फुटापेक्षा उंच नसेल, झाडाला एकही खिळा मारणार नाही आणि कोणत्या महिन्यात कोणतं घर देखरेख करणार त्याची यादी. या यादीमुळेच परवानगी मिळाली असं मला वाटतं, कल्पना छान आहे असं सगळेच म्हणत होते पण यादी बघितल्यावर त्यांचे चेहरे मोकळे झाले.

मग एका शेजाऱ्यांनी उत्साहाने ऑनलाइन किट मागवलं. विक्रेत्याचं नाव घेत नाही, कारण एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसणारी ही किट वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे मिळतात. त्यात रेझिनची, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची, तीन मशरूमची घरं, दोन पऱ्या, एक पाटी, खोट्या शेवाळाचं पाकीट, सोलरवर चालणारे दिवे आणि फेअरी डस्ट म्हणून चमकीची पुडी. फोटोत अप्रतिम दिसतं. बॉक्समधून काढल्यावरही मुलं उड्या मारत होती, ते मी नाकारत नाही. पण आमच्या ओकखाली ठेवल्यावर पहिल्याच दिवशी ते वेगळं पडलं, लाल-पांढरे ठिपके रस्त्यावरूनच दिसायचे, शोधायचं काही उरलंच नाही. आतून पोकळ असल्याने पाणी साचायचं, म्हणजे डासांची सोय. उन्हाळ्यात रंग उडायला लागला आणि जानेवारीत दोन घरांना चिरा गेल्या, बारीक भेगेत पाणी शिरतं, गोठलं की फुगतं आणि भेग मोठी होते, ते रेझिन इथल्या थंडीसाठी नाहीच. दारं नुसती रंगवलेली, उघडत नाहीत, त्यामुळे मुलांचा खेळ आठवड्याभरात संपला. चमकी आम्ही उघडलीच नाही, ती म्हणजे बारीक प्लॅस्टिक, एकदा मातीत गेली की कुणाच्याही हाताने वेचून निघत नाही.

सोलर दिव्यांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण सगळ्यांना तेच हवे असतात. या छोट्या दिव्यांत बहुतेक वेळा 1.2 व्होल्टची रिचार्ज होणारी निकेल मेटल हायड्राइड बॅटरी असते आणि ती भरायला थेट ऊन लागतं, काही तास तरी. फेअरी कॉर्नर बहुतेक झाडाखालीच करतात, मे महिन्यात झाडाला पानं आली की ऊन गेलं, मग दिवा संध्याकाळी थोडा वेळ मिणमिणतो आणि विझतो. पॅनल वेगळं आणि वायर लांब असलेले दिवे मिळतात, पॅनल उन्हात रोवून दिवा सावलीत ठेवता येतो, लावायचेच असतील तर तसे घ्या. पण माझं प्रामाणिक मत, लावूच नका. जूनच्या शेवटी इथे काजवे येतात, आपण भारतात असताना भंडारदऱ्याला मुद्दाम रात्र काढून काजवे बघायला जायचो, इथे ते घरामागे येतात, आणि आपल्या दिव्यांच्या उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसेनासे होतात. आम्ही दिवे काढले आणि त्या कोपऱ्यात संध्याकाळी मुलं काजव्यांची वाट बघत बसायला लागली.

रेझिनची घरं काढून टाकल्यावर आम्ही ट्रेलवर बघितलेल्या पद्धतीने सुरुवात केली आणि खरी मजा तिथून आली. एक रिटायर्ड अमेरिकन आजोबा शेजारी राहतात, आयुष्यभर सुतारकाम केलंय, त्यांनी सांगितलेल्या गोष्टी सोन्यासारख्या आहेत. ग्लू गनचा गोंद बाहेर टिकत नाही, उन्हात मऊ पडतो आणि थंडीत टक्कन सुटतो, त्याऐवजी बाहेरच्या वापरासाठीचा वॉटर रेझिस्टंट लाकडाचा गोंद घ्या, रात्रभर सुतळीने बांधून ठेवा, आणि जिथे वजन येतं तिथे छोटं भोक पाडून लाकडी खुंटी ठोका. लाकूड थेट मातीवर ठेवायचं नाही, खाली चपटा दगड ठेवायचा, नाहीतर ओल चढून वर्षात कुजतं. छपराच्या चिपा खालून वर लावत जायच्या, वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी चढली पाहिजे, खऱ्या घराचे शिंगल्स लावतात तसंच. आणि सगळ्यात आधी परी केवढी ते ठरवा. आम्ही ठरवलं चार इंच, मग दार पाच इंच, खुर्चीची बैठक साधारण एक इंच उंच, ताटली म्हणजे एकॉर्नची टोपी. हे माप एका काठीवर खुणा करून मुलांच्या हातात दिलं, ज्याला जे करायचं ते या काठीला लावून बघायचं. यामुळे वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी केलेल्या वस्तू एका गावातल्या वाटायला लागल्या.

सामान पार्कमधून उचलून आणायचं नाही, परवानगी नसते आणि बरोबरही नाही. आपापल्या अंगणात वादळानंतर पडलेल्या फांद्या, पाइन कोन, वाळलेल्या शेंगा भरपूर मिळतात. उभ्या झाडाची साल कधी सोलू नका, बर्चची तर मोह होण्यासारखीच असते, पण सोललेल्या जागी झाडाला कायमची जखम राहते, पडलेल्या लाकडावरचीच घ्या. न्यू जर्सीत स्पॉटेड लँटर्नफ्लायचा त्रास आहे त्यामुळे सालीवर चिखल वाळल्यासारखा राखाडी थर दिसला तर ती त्या किड्याची अंडी असू शकतात, खरवडून नष्ट करा आणि लांबून कुठून लाकडं गाडीत घालून आणू नका. पाइन कोन ओव्हनमध्ये 200 फॅरनहाइटला अर्धा तास फॉइलवर ठेवले की आतले किडे मरतात, चीक वितळून वाळतो, उघडतातही छान, फक्त ओव्हनपाशी उभं राहा, सोडून जाऊ नका. आणखी एक, घरांना आधार म्हणून बुंध्याला माती किंवा मल्च चढवू नका, झाडाची साल आतून कुजते. शेवाळ जिवंत उपटण्यापेक्षा सावलीत एक ओलसर दगड ठेवून द्या, सहसा आपोआप धरतं, वेळ लागतो पण मुलांना रोज जाऊन बघायला काहीतरी मिळतं.

किती खर्च आला, तर गोंद, सुतळी आणि सँडपेपर, बास. तेवढ्यात किटमधलं एक रेझिनचं घरही आलं नसतं. आणि किट एका संध्याकाळी मांडून झालं होतं, हे करायला कित्येक शनिवार गेले, त्यात एक चायनीज आजोबा येऊन बांबूच्या काड्यांचं कुंपण विणून देऊन गेले, ज्यांना इंग्लिश येत नाही आणि ज्यांच्याशी त्याआधी आम्ही फक्त मान हलवून हसायचो. आमच्या गुजराती शेजारीण बेन रोज सकाळी वॉकला जाताना पडलेली पानं बाजूला करतात, त्यांचं नाव यादीत नाही तरी. हे किटमधून येत नाही. प्रत्येक वसंतात एकदा सगळं बाहेर काढायचं, कुजलेलं काढून टाकायचं, ते मातीतच जाऊ द्यायचं, आणि नवीन करायचं, रंग-वॉर्निश काही लावायचं नाही, असं आता ठरलंय.

परत ट्रेलवर येते, जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. वाट सोपी आहे पण जंगलाची आहे, मुळं आणि दगड आहेत, पावसानंतर चिखल होतो, त्यामुळे हलक्या छत्रीसारख्या स्ट्रोलरचा उपयोग नाही, मोठ्या चाकांचा असेल तर बघा, नाहीतर बाळ कॅरियरमध्ये घ्या. साडी-सँडलवर आजींना आणू नका, बूट घालूनच आणा. एप्रिलपासून पुढे टिक्सची, म्हणजे गोचिडींची, काळजी घ्या, या भागात हरणं खूप आणि त्या चावून लाइम डिसीज खरंच होतो, मुलांना लांब पँट, मोजे पँटवर चढवलेले, आणि घरी गेल्यावर कानामागे, मानेवर, काखेत नीट तपासा. तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर पॉयझन आयव्ही, हात लागला की अंगावर खाज आणि पुरळ येतं, मुलं घरं शोधताना झुडपात हात घालतात म्हणून आधीच दाखवून ठेवा. कुत्रा असेल तर पट्ट्यावर ठेवा, घरं जमिनीलगत आहेत, मोकळा सोडला तर एका शेपटीत अख्खी बैठक खोली जाते.

वेळ फार लागत नाही हेही सांगते, नाहीतर लोक दिवसभराचा डबा बांधून येतात. नुसतं चाललं तर थोडक्यात आटपतं, मुलांच्या चालीने थांबत थांबत गेलं तर दीडेक तास. दहा-बारा वर्षांच्या मुलांना एवढ्यासाठीच आणाल तर ती कंटाळतील, त्यांच्यासाठी पुढे वॉशिंग्टन रॉकपर्यंत चढ चढून जा, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1780 च्या जूनमध्ये स्प्रिंगफील्डच्या लढाईच्या काळात ब्रिटिश सैन्यावर नजर ठेवायला ही जागा वापरली होती, वरून खालची गावं छान दिसतात. हेमलॉक फॉल्स हा धबधबाही याच जंगलात आहे पण चालायचं अंतर बरंच आहे, छोट्यांसोबत एकाच दिवशी दोन्ही करू नका. लोकस्ट ग्रोव्हच्या जवळच जाळीचं उंच कुंपण घातलेलं वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह आहे, हरणांना बाहेर ठेवल्यावर जंगलात काय काय उगवतं ते आत जाऊन बघता येतं, मला ते फेअरी ट्रेलइतकंच आवडतं आणि तिथे फारसं कुणी जात नाही.

कधी जायचं विचाराल तर माझी पसंती दोन वेळांना, एप्रिलचा शेवट, झाडांना पानं भरायच्या आधी, कारण उजेड जमिनीपर्यंत पोचतो आणि घरं नीट दिसतात, आणि ऑक्टोबरचा मधला काळ, जेव्हा पानं इतकी पडलेली असतात की मुलांना फुंकर मारून दारं शोधावी लागतात. शनिवार-रविवारी अकराच्या आत पोचा, नंतर पार्किंग भरतं आणि वाटेवर बर्थडे पार्ट्यांचे मोठे घोळके असतात, शांतपणा जातो. शक्य असेल तर वीकडेला शाळा सुटल्यावर या.

फेअरी ट्रेलला पाचपैकी पाच, आणि ज्यांना वर्षातून एखादा शनिवार देता येईल त्यांनी कन्झर्व्हन्सीच्या स्वयंसेवक दिवसाला नाव द्या, ट्रेल साफ करणं, घुसखोर झाडं उपटणं अशी कामं असतात, थोडी मोठी मुलंही सोबत आलेली चालतात का ते नाव देतानाच विचारून घ्या. रेडिमेड किटला पाचपैकी एक, तो एक सुद्धा त्यातल्या पाटीसाठी, ती लाकडी निघाली म्हणून अजून आमच्या ओकखाली उभी आहे, रंग घासून काढला आणि मुलांनी त्यावर खिळ्याने कोरून देवनागरीत "हळू चाला" लिहिलंय.